फोटोवर डबल-क्लिक केलं की नुसतं गोल फिरतं, फोटो उघडतच नाही

कोनाडा
नमस्कार मंडळी. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. गेल्या आठवड्यापर्यंत फोटोज ॲप बिनतक्रार चालत होतं. आता कुठल्याही फोटोवर डबल-क्लिक केलं की कर्सरशेजारी निळं वर्तुळ क्षणभर फिरतं, कधी कधी ॲपची खिडकी दिसते न दिसते तोच गायब होते, आणि मग शांत. एरर नाही, सूचना नाही. स्टार्ट मेनूतून नुसतं ॲप उघडायला गेलं तरी तेच.

फोटो काही मोबाईलवरून घेतलेले, काही स्कॅन केलेले. सगळे जेपीजी. लॅपटॉप रीस्टार्ट करून झाला. स्मरणिकेसाठी शेदोनशे फोटोंतून निवड करायची आहे आणि काम अडलंय. तांत्रिक भाषा बेताचीच कळते, तेवढं सांभाळून घ्या.

दणकट
फॉरमॅट मारा. तासाभराचं काम. विंडोजवर दुसरा इलाज नसतो.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका. (कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.)

जुनं_खोड
विंडोज ७ मधला तो साधा फोटो व्ह्यूअर काय वाईट होता? क्लिक केलं की फोटो समोर. २०१५ साली विंडोज १० आलं आणि त्याच्या जागी हे ॲप बसवलं. फोटो बघायला एवढा डामडौल लागतोच कशाला?

खटपट्या
फॉरमॅट राहू दे बाजूला. ताई, तुम्ही एक गोष्ट फार उपयोगाची लिहिली आहे: स्टार्ट मेनूतून नुसतं ॲप उघडलं तरी उघडत नाही. म्हणजे तुमच्या फोटोंचा यात काही संबंध नाही. फाइल खराब असती तर ॲप उघडलं असतं आणि त्या एका फोटोपुरती रड झाली असती.

काम अडलंय म्हणून आधी तात्पुरती सोय. फोटोंचा फोल्डर उघडा, वरच्या ‘व्ह्यू’ मधून ‘एक्स्ट्रा लार्ज आयकॉन्स’ निवडा, आणि ऑल्ट व पी ही बटणं एकत्र दाबा. उजवीकडे एक पट्टा उघडेल, त्यात निवडलेला फोटो मोठा दिसेल. बाणाच्या बटणांनी पुढेमागे जाता येतं. अगदीच मोठा हवा असेल तर फोटो माउसने ओढून ब्राउझरच्या खिडकीत सोडा. जेपीजी, पीएनजी, वेबपी हे तिन्ही प्रकार ब्राउझर सरळ दाखवतो, त्याला फोटोज ॲप लागत नाही. निवडीचं काम यावर भागेल.

आता मूळ दुखण्याकडे. सेटिंग्ज → ॲप्स → इन्स्टॉल्ड ॲप्स. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट फोटोज’ शोधा, पुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जा. खाली ‘रिपेअर’ आणि ‘रिसेट’ अशी दोन बटणं आहेत. पहिल्यांदा रिपेअर. नाही जमलं तर रिसेट. काय होतंय ते इथे लिहा.

कोनाडा
ऑल्ट-पी ची युक्ती माहीतच नव्हती, खूप आभार. निवड सुरू केली.

रिसेट करायची मात्र भीती वाटते. ‘या ॲपचा डेटा पुसला जाईल’ असं लिहिलंय. फोटो जाणार नाहीत ना?

खटपट्या
नाही जाणार. फोटो तुमच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये, डिस्कवर आहेत. ॲप ते फक्त दाखवतं, स्वतःच्या पोटात ठेवत नाही. रिसेटने जातात ते ॲपचे स्वतःचे कागद: तुम्ही बदललेली सेटिंग्ज, लॉगिन, थंबनेलची साठवण. बेलाशक करा.

टिपकागद
रिपेअर-रिसेटने काही होत नाही, मी केलंय. फोटोज ॲप पूर्ण काढून टाका. पॉवरशेलमध्ये (कमांड लिहून चालवायची विंडोजची खिडकी) ॲप काढायची कमांड असते, ती चालवा आणि मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून परत टाका. विंडोज १० मध्ये मला ‘फाइल सिस्टम एरर’ आणि पुढे कंसात उणे २१४७२१९१९६ असा आकडा यायचा, तो याच उपायाने गेला.

खटपट्या
टिपकागद, तुमचा उपाय त्या आकड्याला चालतो, बरोबर आहे. त्या वेळी ॲपची बांधणीच बिघडलेली असायची, नवी प्रत आली की काम भागायचं. पण इथे ॲप काढण्याआधी स्टोअर धड चालतंय का ते बघायला हवं. स्टोअर अडकलेलं असताना ॲप काढून टाकलं तर परत आणायचं कुठून?

ताई, अजून काहीही काढू नका. रिपेअर-रिसेट करा आणि दोन गोष्टी सांगा. एक, स्टार्ट मेनूतून कॅल्क्युलेटर उघडतो का? दोन, स्टोअर उघडून त्यातलं एखादं ॲप अपडेट होतं का?

दणकट
फोटोचा प्रॉब्लेम आणि कॅल्क्युलेटर कशाला? 😄

सावली
मध्येच घुसते, माफ करा. माझंही फोटो उघडत नाहीत हेच दुखणं, पण जरा वेगळं. ॲप उघडतं, काळी पाटी येते आणि हा प्रकार चालत नाही अशा अर्थाचं काहीतरी लिहून येतं. आयफोनवरून घेतलेले फोटो आहेत. बाकीचे जुने फोटो व्यवस्थित उघडतात.

रंगारी
@सावली, फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एचईआयसी’ आहे का बघा. नावाचं शेपूट दिसत नसेल तर फोल्डरच्या ‘व्ह्यू → शो → फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ वर टिचकी मारा.

२०१७ साली आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जेपीजीपेक्षा जागा बरीच कमी लागते. विंडोजला हा प्रकार वाचायला दोन पुरवण्या लागतात, दोन्ही स्टोअरमध्ये मिळतात: ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ आणि ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’. पहिली फुकट, दुसरीला थोडे पैसे पडतात. दुसरीच्या नावात व्हिडिओ आहे म्हणून लोक ती सोडून देतात आणि मग पहिली टाकूनही फोटो काळाच का, म्हणून डोकं धरून बसतात. डबा एचईआयएफचा असतो, पण आतलं चित्र एचईव्हीसी या व्हिडिओच्या पद्धतीने दाबलेलं असतं. म्हणून दोन्ही हव्यात.

पैसे घालायचे नसतील तर फोनमध्येच सोय आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, पुढचे फोटो जेपीजीत निघतील. जुन्यांवर याचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, म्हणजे केबलने कॉपी करताना फोनच बदलून देतो.

सावली
एचईआयसीच निघालं! मी शेपूट बदलून जेपीजी केलं होतं काही फोटोंचं, कुठेतरी वाचून. ते तर आता कशातच उघडत नाहीत.

रंगारी
नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, त्यामुळे फोटोला काही झालेलं नाही. नाव पूर्ववत करा, झालं.

आत काय आहे ते बघायची एक सोपी रीत सांगतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. (आधी एक प्रत काढून तीच उघडा, आणि बंद करताना सेव्ह अजिबात करू नका.) सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण पहिल्याच ओळीत ओळखीची अक्षरं सापडतात. जेपीजी असेल तर बहुधा ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’. पीएनजी असेल तर ‘पीएनजी’ अशी सरळ तीन अक्षरं. वेबपी असेल तर सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ आणि थोडं पुढे ‘वेबपी’. एचईआयसी असेल तर ‘एफटीवायपी’ आणि त्याला चिकटून ‘एचईआयसी’. इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं नावाने जेपीजी आणि आतून वेबपी, हा प्रकार तर रोजचाच. नवे व्ह्यूअर आतला मजकूर बघून सांभाळून घेतात, जुने नुसत्या नावावर जातात आणि अडतात.

आणि नोटपॅडमध्ये नुसती कोरी जागा दिसली, एकही अक्षर नाही, तर ती फाइल आतून शून्यांनी भरलेली आहे. कार्ड मध्येच काढलं किंवा कॉपी अर्धवट तुटली की असं होतं. आकार मेगाबाइटमध्ये दिसतो, पण आत चित्रच नसतं. अशा फाइलला कुठलाही प्रोग्राम काही करू शकत नाही. ती मूळ कार्डावरून किंवा बॅकअपमधून परत घ्यावी लागते.

सावली
नावं पूर्ववत केली. नोटपॅडमध्ये ते एचईआयसी दिसलं पण! दोन्ही पुरवण्या टाकते. धन्यवाद रंगारी.

कोनाडा
आले. उशीर झाला.

रिपेअर केलं, फरक नाही. रिसेट केलं, फरक नाही.

आणि खटपट्या, तुम्हाला कसं कळलं? कॅल्क्युलेटर उघडत नाही! तोसुद्धा फोटोजसारखाच, गोल फिरतं आणि गुडुप. पुन्हा पुन्हा दाबलं तेव्हा एकदा एक पाटी आली: हे ॲप सध्या तुमच्या खात्यात उपलब्ध नाही, अशा अर्थाची. खाली ०एक्स८०३एफ८००१ असा कोड. पेंटही उघडत नाही. ब्राउझर आणि वर्ड मात्र छान चालतात. स्टोअर उघडतं, पण अपडेट दाबलं की ताटकळत राहतं.

दणकट
बरं, कॅल्क्युलेटरचं मागे घेतो.

टिपकागद
म्हणजे व्हायरस. स्कॅन करा.

खटपट्या
स्कॅन करायला हरकत नाही, पण मला तसं वाटत नाही. आता चित्र बरंच स्पष्ट झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ फोटोजच्या नावाखाली पुष्कळ जणांना भेटतो आणि सगळे फोटोजच्याच मागे लागतात.

विंडोजमध्ये दोन जातीचे प्रोग्राम असतात. एक जुन्या पद्धतीचे, ईएक्सई फाइल चालवली की चालू होणारे. तुमचं वर्ड, ब्राउझर त्यातले. दुसरे स्टोअरच्या पद्धतीने बांधलेले: फोटोज, कॅल्क्युलेटर, विंडोज ११ मधलं पेंट. यांचं आवरण वेगळं असतं. ते सुरू होताना विंडोज आधी काही गोष्टी तपासतं. हे ॲप या खात्यासाठी नोंदवलेलं आहे का, याचा परवाना आहे का, वगैरे. फुकट ॲपलाही परवाना असतो. ही तपासणी पडद्यामागच्या काही सर्व्हिसेस करतात. त्यांतली एक जरी बंद असली तर ॲप दारातूनच परत फिरतं. म्हणून तुम्हाला ती खिडकी दिसल्यासारखी वाटते आणि जाते.

फक्त फोटोज पडलं असतं तर मी म्हटलं असतं ॲप बिघडलंय. फोटोज, कॅल्क्युलेटर, पेंट एकदम पडले आणि वर्ड उभं आहे, म्हणजे बिघाड त्यांच्या खालच्या जमिनीत आहे. रिसेटने फरक न पडण्याचं कारणही हेच. आणि ०एक्स८०३एफ८००१ हा कोड साधारणपणे परवान्याची तपासणी फसली की येतो.

आता हे करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ लिहून, जागा न सोडता टिंब देऊन एम-एस-सी लिहा आणि एंटर. मोठी यादी उघडेल. डब्ल्यू अक्षरावर जा आणि ‘विंडोज लायसन्स मॅनेजर सर्व्हिस’ ही ओळ शोधा. तिच्यासमोर ‘स्टार्टअप टाइप’ या रकान्यात काय लिहिलंय? बदलू नका काही, फक्त वाचून सांगा.

आणि एक प्रश्न. हे सुरू होण्याच्या आसपास कुणी लॅपटॉपला हात लावला होता का? एखादं सफाईचं सॉफ्टवेअर, वेग वाढवणारं काही?

दुहेरी
वाट बघता बघता माझा एक किस्सा, कुणाला उपयोगी पडला तर. माझाही व्ह्यूअर ‘उघडत नव्हता’. खाली टास्कबारवर त्याचं चिन्ह मात्र यायचं, आणि त्यावर माउस नेला की छोट्या चित्रात फोटोही दिसायचा! ऑफिसात लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडतो. प्रोग्रामने खिडकीची शेवटची जागा लक्षात ठेवली होती, ती त्या दुसऱ्या मॉनिटरवरची. घरी मॉनिटर नाही, तरी खिडकी तिकडेच उघडत होती.

उपाय: टास्कबारवरच्या चिन्हावर शिफ्ट दाबून उजवं क्लिक, ‘मूव्ह’ निवडा, मग कुठलंही एक बाणाचं बटण दाबा आणि माउस हलवा. खिडकी कर्सरला चिकटून आत येते. नाहीतर विंडोज बटण आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ करा.

खटपट्या
झकास. टास्कबारवर चिन्ह येतं की नाही हा खरं तर पहिल्या झटक्यात विचारायचा प्रश्न. कोनाडाताईंची खिडकी येऊन जाते म्हणाल्या म्हणून मी तो सोडला.

जुनं_खोड
मी तो जुना व्ह्यूअर विंडोज १० वर ओढूनताणून चालू ठेवलाय. विंडोज ७ वरून वर चढवलेलं मशीन आहे, त्यामुळे तो टिकला. पण हल्ली काही फोटोंना तो म्हणतो की पुरेशी मेमरी नाही, म्हणून दाखवू शकत नाही. १६ जीबी रॅम आहे हो! दोन एमबीच्या फोटोला पुरत नाही?

टिपकागद
टेम्प फाइल्स पुसा, डिस्क मोकळी करा.

रंगारी
डिस्क आणि रॅम दोन्ही निर्दोष आहेत, संदेशच फसवा आहे. त्या व्ह्यूअरचा जुना आजार आहे तो. फोटोत किंवा मॉनिटरला लावलेली रंगांची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी फाइल) त्याला पचली नाही की तो मेमरीच्या नावाने ओरडतो. मॉनिटर बनवणाऱ्यांच्या प्रोफाइली कधी कधी ड्रायव्हरबरोबर आपोआप येऊन बसतात.

स्टार्टमध्ये ‘कलर मॅनेजमेंट’ शोधा. ‘डिव्हायसेस’ खाली तुमचा डिस्प्ले निवडा, ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’ वर खूण करा. यादीत जी प्रोफाइल डिफॉल्ट म्हणून दिसते तिचं नाव टिपून ठेवा, मग ‘ॲड’ दाबून ‘एसआरजीबी’ वाली निवडा आणि तिला डिफॉल्ट करा. व्ह्यूअर बंद करून पुन्हा उघडा.

मी छपाईसाठी मॉनिटर कॅलिब्रेट करतो, त्यामुळे प्रोफाइल काढून टाकणं मला परवडत नाही. तुम्ही नुसते फोटो बघणार असाल तर एसआरजीबी उत्तम.

जुनं_खोड
अरे वा! उघडले सगळे. रंगारी, मानलं. मेमरी म्हणे!

पेंग्विनप्रेमी
जुनं_खोड, एक बोलू का? विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून साधा पाठिंबा बंद झालाय. आता तरी…

जुनं_खोड
नाही.

कोनाडा
सापडली ओळ. ‘विंडोज लायसन्स मॅनेजर सर्व्हिस’ समोर ‘डिसेबल्ड’ लिहिलंय.

आणि हो, भाचा आला होता. ‘मावशी, तुझा लॅपटॉप किती हळू आहे, थांब, फास्ट करून देतो’ म्हणून त्याने काहीतरी उतरवून चालवलं. काळ्या खिडकीत भराभर ओळी पळत होत्या. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. लॅपटॉप सुरू होतो जरा लवकर, हेही खरं.

दणकट
भाचा!! 😄😄

खटपट्या
सापडला आरोपी. म्हणजे भाचा नाही, त्याने चालवलेली ती स्क्रिप्ट (एकामागून एक कमांड आपोआप चालवणारी फाइल). विंडोज हलकं करून देणाऱ्या अशा पुष्कळ स्क्रिप्ट फिरत असतात. त्यांत ज्या सर्व्हिसेस ‘नकोशा’ ठरवलेल्या असतात त्या सरसकट बंद करतात. लिहिणाऱ्याला स्टोअरची ॲप्स लागत नसतील, म्हणून त्याने परवान्याची सर्व्हिसही उडवली. तुम्हाला मात्र फोटो बघायचे असतात. खरं तर ही सर्व्हिस एरवी झोपलेलीच असते, गरज पडली की जागी होते, त्यामुळे ती बंद करून वेगात कणभरही फरक पडत नाही.

आता त्या ओळीवर डबल-क्लिक करा. ‘स्टार्टअप टाइप’ मध्ये ‘मॅन्युअल’ निवडा. ‘ऑटोमॅटिक’ करायची गरज नाही, मुळात ती मॅन्युअलच असते. ‘अप्लाय’ दाबा. मग ‘स्टार्ट’ बटण उजळेल, ते दाबा, आणि ‘ओके’. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करा, नाहीतर बदल करू देणार नाही. मग लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा आणि आधी कॅल्क्युलेटर उघडून बघा.

टिपकागद
हे कळायला सिस्टम फाइल चेकर का नाही चालवला? कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’. सगळं दुरुस्त होतं त्याने.

खटपट्या
तो विंडोजच्या फाइली तपासतो: कुठली बदलली, कुठली गहाळ आहे. इथे सगळ्या फाइली जागच्या जागी आहेत. कुणीतरी एक सर्व्हिस बंद करून ठेवली, हा त्याच्या दृष्टीने बिघाडच नाही, तुमची मर्जी आहे. त्याने ‘काहीही दोष आढळला नाही’ म्हणून सांगितलं असतं आणि आपण अजून गोंधळलो असतो. फाइलीच बिघडल्या असतील तिथे मात्र तो रामबाण आहे. विंडोज १० आणि ११ वर त्याच्या आधी ‘डीआयएसएम’ ची ‘रिस्टोअरहेल्थ’ कमांड चालवलेली बरी, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत उचलतो तो साठाच ती नीट करते.

कोनाडा
उघडला!!! कॅल्क्युलेटर उघडला, पेंट उघडलं, आणि फोटोजही. डबल-क्लिक केलं की फोटो समोर. खटपट्या, तुमचे किती आभार मानू?

आता एक विचारू? त्या यादीत ‘डिसेबल्ड’ लिहिलेल्या अजून बऱ्याच ओळी दिसताहेत. सगळ्या मॅन्युअल करून टाकू का एकदाच?

खटपट्या
नको नको. काही सर्व्हिसेस विंडोजने स्वतःच बंद ठेवलेल्या असतात आणि त्या तशाच बऱ्या. ‘रिमोट रजिस्ट्री’ घ्या, दुसऱ्या संगणकावरून तुमच्या विंडोजच्या नोंदी बदलू देणारी: घरच्या लॅपटॉपवर ती चालू करणं म्हणजे विनाकारण खिडकी उघडी ठेवणं. ‘रूटिंग अँड रिमोट ॲक्सेस’ आणि ‘ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट’ याही मुळातच डिसेबल्ड येतात.

‘स्टार्टअप टाइप’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा, डिसेबल्ड असलेल्या सगळ्या ओळी एकत्र येतील. त्यांची नावं इथे टाका, किंवा कुणाचा विंडोज ११ चा न छेडलेला लॅपटॉप मिळाला तर त्याच्याशी ताडून बघा. मला सगळ्यांत जास्त काळजी ‘विंडोज अपडेट’ ची वाटते. वेगाच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते.

रंगारी
‘विंडोज सर्च’ पण बघा ताई. ती बंद असेल तर फोटो नावाने शोधताना स्टार्टमधून आणि फोल्डरमधून फार रखडतं.

जुनं_खोड
आणि फोटो बघायला इरफानव्ह्यूसारखा एखादा स्वतंत्र व्ह्यूअर टाकून ठेवा. १९९६ पासून आहे, आकाराने चिमुकला, घरगुती वापराला फुकट. तो ईएक्सई असल्यामुळे स्टोअर, परवाना या भानगडीत पडत नाही. फोटोज आजारी पडलं तरी काम थांबणार नाही.

दुहेरी
इरफानव्ह्यू टाकताना एक. तो ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत मिळतो, आणि प्लगइन्स (जास्तीचे फोटोप्रकार उघडायच्या पुरवण्या) त्याच प्रकाराचे घ्यावे लागतात. माझ्याकडे प्रोग्राम ६४ आणि प्लगइन्स ३२ झाले होते. साधे फोटो उघडायचे आणि बाकीच्यांना हा प्रकार ओळखत नाही म्हणायचा. बरेच दिवस कळलंच नाही. आणि उतरवताना मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर येणारी पहिली चमकदार ‘डाउनलोड’ बटणं बहुतेक वेळा भलतंच काही गळ्यात मारतात.

टिपकागद
वाचनखूण साठवली. कॅल्क्युलेटरचा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कोनाडा
रिमोट रजिस्ट्री आणि तुम्ही सांगितलेल्या बाकी दोन्ही डिसेबल्ड आहेत, त्यांना हात लावला नाही. विंडोज सर्च चालू आहे. पण विंडोज अपडेट डिसेबल्ड आहे. खटपट्या, तुमची शंका बरोबर निघाली.

खटपट्या
तीही ‘मॅन्युअल’ करा. मग सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. साठलेलं बरंच असेल, चार्जर लावून ठेवा आणि रीस्टार्टला वेळ लागला तर मध्ये बंद करू नका. कधी कधी थोड्या वेळाने ती पुन्हा डिसेबल्ड झालेली दिसते. तसं झालं तर त्या स्क्रिप्टने ‘टास्क शेड्युलर’ मध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) काहीतरी पेरून ठेवलंय असं समजायचं आणि इथे लिहायचं, तिथे काय शोधायचं ते सांगतो.

कोनाडा
अपडेट उतरताहेत. मध्ये दोनदा जाऊन बघितलं, मॅन्युअलच आहे, परत बंद झालेली नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणतो, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच चालवलंय आणि सगळं मस्त चाललंय. म्हटलं, कॅल्क्युलेटर उघडून बघ. थोडा वेळ काही बोललाच नाही.

दणकट
😄😄😄

खटपट्या
त्याला सांगा, लायसन्स मॅनेजरच्या आधी विंडोज अपडेटची ओळ बघ.